मण म्हणजे नेमकं किती? एका शब्दाची पार्श्वभूमी

राजकोटच्या बाजार समितीत भुईमुगाचा भाव मणाला निघतो आणि तो मण २० किलोंचा असतो. पाकिस्तानात गव्हाचा सरकारी भाव ४० किलोंना जाहीर होतो आणि शेतकरी त्यालाच मण म्हणतो. इराणात तबरीझचा मण ३ किलोंचा. कोलकात्याच्या जुन्या वहीत मण म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम, मद्रासच्या वहीत साधारण ११ किलो ३४० ग्रॅम, मुंबईच्या वहीत १२ किलो ७०० ग्रॅम. महाराष्ट्रातल्या बाजार समितीच्या फळ्यावर हा शब्द आता दिसतच नाही, तिथे क्विंटल आहे. आपल्या बोलण्यात मात्र मणभर काम, मणाचं ओझं आणि मणामणाच्या बेड्या अजून आहेत. किती किलोंच्या, ते कोणी विचारत नाही.

एवढा फरक का, याचं उत्तर बहुतेकदा ‘पूर्वी प्रमाणित वजनं नव्हती’ असं दिलं जातं. ते अपुरं आहे. प्रमाणित वजनं होती, आणि पुष्कळ होती. मण हा शब्द वजनाचं नाव म्हणून फिरलाच नाही. तो उतरंडीतल्या एका पायरीचं नाव म्हणून फिरला. खाली शेर, त्याखाली तोळा, वर खंडी. प्रत्येक बाजाराने पायऱ्यांची नावं तीच ठेवली आणि पायरीची उंची आपल्या सोयीने ठरवली. म्हणून ‘चाळीस शेरांचा मण’ हे वाक्य ऐकायला पक्कं वाटतं, पण शेर किती तोळ्यांचा हे कळेपर्यंत त्यातून काहीच कळत नाही.

शब्दाचं मूळ फार जुनं आहे. मेसोपोटेमियात ६० शेकेलांचा एक मना आणि ६० मनांचा एक टॅलेंट अशी उतरंड होती. तो मना साधारण अर्ध्या किलोचा. तिथून हा शब्द हिब्रूत मानेह, अरामीत मने, ग्रीकमध्ये म्ना, लॅटिनमध्ये मिना झाला. बायबलमधल्या दानिएलच्या कथेत राजाच्या भिंतीवर उमटलेले शब्द ‘मने, मने, तकेल’ हे वजनांच्या उतरत्या नावांसारखे वाचता येतात, आणि कथेतला अर्थ त्याच नावांवरच्या श्लेषातून काढलेला आहे. अथेन्सला म्ना १०० द्राख्मांचा, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅमच्या दरम्यान. तो आधी ७० किंवा ७३ द्राख्मांचा होता आणि सोलोनने १०० चा केला, असं जुने ग्रीक लेखक सांगतात. म्हणजे नाव तेच ठेवून पायरी बदलायची युक्ती अडीच हजार वर्षांपूर्वीही माहीत होती. अरबीत मन्न दोन रत्लांचा झाला, बगदादच्या हिशेबाने ८०० ग्रॅमच्या आसपास. फारसीत तो वाढत गेला: तबरीझचा ३ किलोंच्या जवळ, त्याच्या दुप्पट शाही मण ६ किलोंच्या जवळ. शेजारच्या काबूलमध्ये तर शेरच ७ किलोंचा आहे, म्हणजे तिथला शेर तबरीझच्या दोन मणांहून जड.

दिसायला सारखे पण नात्याचे नसलेले शब्द इथे बाजूला काढायला हवेत, कारण कोशात ते शेजारी बसतात आणि घोटाळा करतात. फारसीत ‘मन’ म्हणजे ‘मी’. अरबीत ‘मन्न’ म्हणजे उपकारही आणि झुडपावर साकळणारा गोड रसही. हिंदीत वजनाचा मन आणि चित्त या अर्थाचा मन एकाच रूपात लिहिले जातात. मराठीत ण आणि न यांनी ती अडचण मिटवली आहे. तमिळमध्ये ‘मण्’ म्हणजे माती, पण वजनाला तिथे ‘मणंगु’ म्हणतात, तेलुगूत ‘मणुगु’. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर हा शब्द ऐकून ‘मांव’ असा लिहिला, आणि त्यांच्या भाषेत तसाच लिहिला जाणारा शब्द म्हणजे हात. इंग्रजांच्या ‘मॉन्ड’चं रूप त्या पोर्तुगीज उच्चारातून घडलेलं दिसतं. इंग्रजीत ‘मॉन्ड’ या नावाची वेताची टोपलीही आहे. तिचा आपल्या मणाशी काही संबंध नाही.

मराठीत ण कुठून आला, हा प्रश्न मात्र सहज सोडून देण्यासारखा नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात गाय, घोडा आणि अभ्यंगाचं तेल मागताना सोबत ‘मना हिरण्यया’ही मागितली आहे. काही अभ्यासक तिला सोन्याचा मण, म्हणजे बाबिलोनी मना मानतात. काहींना तो दागिना किंवा नुसती मौल्यवान वस्तू वाटते. पहिला पक्ष धरला तर हा शब्द फारसीच्या कितीतरी आधी इथे होता. त्याला मराठीचा दुजोरा असा मिळतो की जुन्या शब्दांतला मधला न मराठीत, गुजरातीत आणि पंजाबीत ण होतो (पानीय, पाणी), आणि तिन्ही भाषांत हा शब्द ‘मण’ आहे. फारसी-अरबीतून आलेले शब्द मराठीत बहुधा न ठेवतात: दुकान, जमीन, कमान, सन. पण ‘निशाण’ फारसीतूनच आला आणि त्यात ण झाला. त्यामुळे एका अक्षरावरून निकाल लागत नाही. शब्द जुना असावा आणि त्याची चाळीस शेरांची घडी पुढे सुलतानी-मोगल बाजारात पक्की झाली असावी, ही मांडणी मला जास्त पटते. नाव आणि हिशेब एकाच वाटेने आले पाहिजेत असं काही नाही.

सुलतानी दिल्लीचा मण चाळीस शेरांचाच होता, पण साधारण १२ ते १३ किलोंचा. अलाउद्दीन खिलजीच्या काळात गव्हाला मणामागे साडेसात जितल (त्या काळचं नाणं) भाव बांधला होता, हे वाक्य शाळेच्या पुस्तकांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे येतं आणि वाचणारा ब्रिटिशकालीन मण मनात धरून त्याची तुलना करतो. तसं केलं की त्या काळचं धान्य होतं त्याहून तिप्पट स्वस्त दिसायला लागतं. अकबराच्या काळातही हेच. त्याचा शेर ३० दामांच्या वजनाचा होता. दाम हे तांब्याचं नाणं, वजन २१ ग्रॅमच्या किंचित आत. म्हणजे मण १२०० दामांचा, सुमारे २५ किलो. गहू १२ दाम मण आणि रुपयाला ४० दाम; म्हणजे रुपयाला सव्वातीन मणांहून थोडं जास्त, साधारण ८३ किलो. हाच हिशेब ३७ किलोंचा मण धरून केला तर १२४ किलो येतात. जुन्या स्वस्ताईच्या कितीतरी गोष्टी या एका चुकीवर उभ्या आहेत. जहांगीरने शेर ३६ दामांचा केला, शाहजहानने ४० चा. मण २५ वरून ३० आणि ३० वरून साडेतेहतीस किलोंवर गेला, शेर मात्र चाळीसच राहिले.

इंग्रज कंपनीच्या वखारींनी या मणांना आपल्या मापात बसवण्यासाठी कातरलं, आणि ते कसं कातरलं हे आकड्यांवरून लख्ख दिसतं. त्यांचा हंड्रेडवेट ११२ पौंडांचा. मुंबईचा मण २८ पौंडांचा ठरला, म्हणजे हंड्रेडवेटचा चौथा हिस्सा. सुरतेचा ३७ पूर्णांक एक तृतीयांश पौंडांचा, म्हणजे तिसरा हिस्सा. बंगालच्या वखारीचा ७४ पूर्णांक दोन तृतीयांश पौंडांचा, म्हणजे दोन तृतीयांश. जहाजावर माल चढवताना अपूर्णांकांची कटकट नको, एवढाच हेतू. बंगालच्या खुल्या बाजारात मात्र मण वखारीच्या मणापेक्षा दहा टक्के जड होता. खरेदी बाजाराच्या मणाने आणि हिशेब वखारीच्या मणाने झाला की मधले दहा टक्के कुठे जातात, हे विणकर आणि शेतकरी चांगलं जाणून होते. मद्रासला मण २५ पौंडांचा आणि खंडी ५०० पौंडांची. मुंबईला वीस मणांची खंडी ५६० पौंडांची.

दख्खनच्या बाजारात तर एकाच गावात बारा शेरांचा, साडेबारा शेरांचा, चौदा शेरांचा आणि चाळीस शेरांचा असे मण नांदत. तेलाचा वेगळा, गुळाचा वेगळा, कापसाचा वेगळा. वरवर पाहिलं तर हा निव्वळ गोंधळ वाटतो, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतही तसाच सूर आहे. पण तोळ्यांपर्यंत उतरून बघितलं की यातला बराच गोंधळ विरघळतो. म्हैसूरकडचा कच्चा शेर २४ तोळ्यांचा. त्याचे चाळीस शेर म्हणजे ९६० तोळे. आपल्याकडचा पक्का शेर ८० तोळ्यांचा. त्याचे बारा शेर म्हणजेही ९६० तोळेच. तमिळ मणंगु आठ ‘विसां’चा (‘वीस’ हे तिथे आकड्याचं नव्हे, वजनाचं नाव), एक ‘वीस’ चाळीस पलमांचा, पलम तीन तोळ्यांचं: ८ गुणिले ४० गुणिले ३, पुन्हा ९६०. मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा, चाळीस शेरांचे ११२० तोळे. पक्क्या शेराने मोजले तर नेमके चौदा शेर. म्हणजे बारा शेरांचा मण आणि चाळीस शेरांचा मण ही काही ठिकाणी एकाच वजनाची दोन वर्णनं होती. एक गिऱ्हाईक कच्च्या शेराने बोलायचं, दुसरं पक्क्या शेराने. सर्वेक्षण करणाऱ्याने दोघांची नावं वहीत लिहिली, मधला तोळ्यांचा रकाना भरला नाही, आणि दोन वेगळे मण जन्माला आले.

खरी गुंतागुंत वजनात नाही, मापात आहे. मराठीत मण हा तोलायचाही असतो आणि मापायचाही. धान्य आपल्याकडे तोलण्यापेक्षा मापलंच जास्त जायचं. चिपटं, मापटं, शेर, पायली या मापांनी भरायचं. चार शेरांची पायली, आणि पुढे कुठे बारा पायलींचा मण तर कुठे सोळा पायलींचा. वीस मणांची खंडी दोन्हीकडे. म्हणजे एका गावात खंडी २४० पायलींची, दुसऱ्या गावात ३२० पायलींची. गोव्यात भाताची खंडी वीस कुडवांची, तिथे मधल्या पायरीवर मणच नाही. जमिनीचा खंड धान्यात ठरलेला असेल आणि कागदावर नुसतं ‘दोन खंडी’ एवढंच असेल, तर हा फरक सरळ एक तृतीयांशाचा होतो. कुळ आणि मालक वेगवेगळ्या गावचे असले की भांडणाला एवढं पुरे.

शिवाय माप भरायचं कसं, हा वाद उरतोच. शीग लावून की सपाट? शिगेत किती धान्य बसतं हे मापाच्या तोंडावर अवलंबून असतं. दोन पायल्या सपाट भरल्या तर अगदी सारख्या, पण एक उभट आणि एक पसरट असेल तर पसरट पायलीवर शीग मोठी उभी राहते. घेणाऱ्याला पसरट पायली आवडते आणि देणाऱ्याला उभट, यात नवल नाही. धान्य उंचावरून ओतलं किंवा माप भरताना हलवलं, ठोकलं, तर दाणे दाटून बसतात आणि जास्त मावतात. हलक्या हाताने सोडलं तर पोकळ राहतात. भिजकं धान्य फुगतं, त्यामुळे ते मापालाही जास्त भरतं आणि तोलालाही. भाताचं, म्हणजे साळीचं, माप त्याच मापातल्या तांदळाहून चौथाईपेक्षा जास्त हलकं असतं, कारण टरफलाचं वजन थोडं आणि जागा मात्र बरीच. त्यामुळे ‘एक मण भात’ या शब्दांना तोलाचा मण आणि मापाचा मण असे दोन अर्थ आहेत आणि ते कुठल्याही एका गुणकाने जोडता येत नाहीत. प्रत्येक धान्याला वेगळा गुणक लागतो. जुन्या मराठी कागदांतला मण किलोंत बदलणारी तक्ते-पुस्तकं याच ठिकाणी चुकतात: सरसकट ३७.३२४ ने गुणतात.

आता १८३३ कडे. त्या वर्षी बंगाल इलाख्यात जो नियम झाला त्याने तोळा १८० ग्रेनचा (ग्रेन हे बारीक इंग्रजी वजन) ठरवला, ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. यातली हुशारी अशी की ३२०० तोळ्यांचे ५,७६,००० ग्रेन होतात, आणि ट्रॉय पौंड ५७६० ग्रेनचा असल्यामुळे मण बरोब्बर १०० ट्रॉय पौंडांचा झाला. साध्या पौंडांत तो ८२ पूर्णांक दोन सप्तमांश. पण माझ्या मते या निर्णयाचं खरं बळ दुसरीकडे होतं. रुपयाही १८० ग्रेनचा होता. एक रुपया म्हणजे एक तोळा. म्हणजे ऐंशी नवे रुपये पारड्यात टाकले की शेर तयार. दुकानदाराचा शेर खरा की खोटा हे तपासायला कुठल्या कचेरीत जायला नको. गल्ल्यातली नाणी पुरत. झिजलेली नाणी हलकी भरत, म्हणून ती निवडून बाजूला ठेवावी लागत, एवढंच पथ्य. सरकारी वजनं गावोगाव पोचवायची यंत्रणा नसताना नाण्यालाच वजन करणं, ही त्या काळाची सर्वांत व्यवहारी तोड होती.

चाळीस शेर आणि सोळा आणे यांचंही छान जमायचं. मणाला जितके रुपये भाव, अडीच शेराला तितकेच आणे. चाळीसला सोळाने भागलं की अडीच येतात, म्हणून. गूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेर गूळ बारा आण्यांना, सव्वा शेर सहा आण्यांना, दहा छटाक तीन आण्यांना. अडीच शेरांचं वेगळं वजन दुकानात का असायचं, याचं कारण हे. पाढ्यांत अडीचकी आणि सव्वाकी घोकून घेतली जायची तीही यासाठीच. ‘पैशाला पासरी’ म्हणताना आपण ज्या पासरीचं नाव घेतो ती याच उतरंडीतली, पाच शेरांची, मणाचा आठवा हिस्सा.

या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त चर्चेला पात्र, आणि सर्वांत कमी चर्चिलेला, निर्णय १८७१ चा आहे. त्या वर्षीच्या कायद्याने असं ठरवलं की हिंदुस्थानात वजनाचं मूळ एकक ‘शेर’ असेल आणि तो फ्रान्समधल्या किलोग्रॅमएवढा असेल. नाव देशी, वजन मेट्रिक. मण चाळीस शेरांचाच ठेवला असता तर तो ४० किलोंचा झाला असता. कायदा झाला, पण तो अमलात कधीच आला नाही.

का आला नाही, याची कारणं त्या रचनेतच दिसतात. जुना शेर ९३३ ग्रॅमचा, नवा १००० चा. फरक सात टक्क्यांचा. सात टक्के म्हणजे हाताला कळणार नाही, पण व्यापाऱ्याचा सगळा नफा खाऊन टाकेल किंवा दुप्पट करेल एवढा फरक. नवा शेर जुन्या भावाने मागणारं गिऱ्हाईक आणि जुना शेर नव्या भावाने देणारा दुकानदार, दोघंही ‘शेर’च म्हणणार. शब्द एकच असल्यामुळे फसवणूक पकडायची कुठे? आणि रुपयाने शेर तपासायची सोय गेली असती, कारण किलोला ८५ तोळे आणि वर पाऊण तोळा लागतो. असा आकडा कोणी लक्षात ठेवणार नाही. त्याच्या बाजूनेही एक मोठा मुद्दा होता. लोकांना नवे शब्द शिकवावे लागले नसते, आणि देशातले सगळे शेर एका आंतरराष्ट्रीय वजनाला बांधले गेले असते. पुढे विसाव्या शतकात पुन्हा समिती बसली, तिने १८० ग्रेनच्या तोळ्याचीच शिफारस केली, आणि १९३९ च्या कायद्याने तोच ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण देशभरासाठी मान्य केला. म्हणजे १८७१ पासून ६८ वर्षं फिरून गाडी १८३३ च्याच ठाण्यावर आली.

१९५६ च्या कायद्याने मात्र उलटी वाट धरली. वजन मेट्रिक आणि नावंही मेट्रिक. किलोग्रॅम, क्विंटल, टन. जुनी नावं ठेवून त्यांना नवी वजनं द्यावीत, हे म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांच्या हातात नाण्यांचं उदाहरण होतं: १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा ‘पैसा’ हे नाव ठेवलंच होतं, फक्त पुढे ‘नया’ जोडलं, आणि १९६४ मध्ये तेही काढलं. पैशाला चाललं ते शेराला का चालू नये? कारण पैसा सरकार पाडतं. जुना पैसा परत घेऊन वितळवता येतो. शेराचं लोखंड लाखो दुकानांत पडलेलं असतं आणि मापटं घराघरांत. नाव तेच ठेवलं असतं तर कुठलं वजन जुनं आणि कुठलं नवं हे ठोकळा उलटा करून शिक्का पाहिल्याशिवाय कळलं नसतं. नवं नाव हीच इथे तपासणी होती. किलो म्हटलं की जुना ठोकळा चालणार नाही, हे कोणालाही समजत होतं. हा निर्णय लोकांना परका वाटला, पण बरोबर होता असं मला ठामपणे वाटतं, आणि शेजारच्या देशांकडे पाहिलं की ते मत आणखी पक्कं होतं.

१ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजनं टप्प्याटप्प्याने आली. मधल्या काळात दुकानांत दोन्ही भावांचे फलक असत. शेराच्या भावाला १.०७ ने गुणलं की किलोचा भाव. मणाच्या भावाला २.६८ ने गुणलं की क्विंटलचा. चूक बहुतेकदा पूर्णांकात व्हायची: शेराचा भाव आहे तोच किलोला लावला तर दुकानदार सात टक्के बुडायचा, आणि पुढचा रुपया किंवा आणा गाठायला भाव वर ढकलला तर गिऱ्हाईक. लहान खरेदीत हे आणखी बोचायचं, कारण छटाक म्हणजे ५८ ग्रॅम आणि त्याच्या जागी ५० ग्रॅमचं वजन आलं, किंमत मात्र छटाकाचीच राहिली.

शेजारी मण नावासकट राहिला. पाकिस्तानात तो ४० किलोंचा झाला, म्हणजे १८७१ च्या कागदावरचा आकडा शंभर वर्षांनी तिथे प्रत्यक्षात आला. बांगलादेशातही सरकारी हिशेबाने मण म्हणजे ४० किलो. पण राजशाही आणि चापाईनवाबगंज भागातल्या आंब्याच्या बाजारात बागायतदाराकडून ४५ किलो आणि त्याहूनही जास्त आंबा ‘एक मण’ म्हणून घेतला जातो. वरच्या आंब्याला ‘ढलता’ म्हणतात. नासका माल निघतो, वाटेत वजन घटतं, ही घेणाऱ्याची बाजू. पण ४० किलोंचे पैसे आणि ४५ किलोंचा मण म्हणजे नववा हिस्सा फुकट. किलोला भाव ठरला असता तर ही कपात उघड दाखवावी लागली असती, आपल्याकडच्या कडत्यासारखी, आणि तिच्यावर बोट ठेवता आलं असतं. मणात ती शब्दाच्या पोटात लपते. कपात कोणी केली? कोणीच नाही, मणच मोठा झाला. शेतकऱ्याचं नुकसान करायचा यापेक्षा सभ्य मार्ग सापडणार नाही, आणि म्हणून कायद्याबाहेर उरलेल्या या शब्दाकडे हौसेने न बघता सावधपणे बघायला हवं.

गुजरातचा २० किलोंचा मण तुलनेने निरुपद्रवी आहे, कारण तिथे आकडा सर्वांना माहीत आहे आणि छापील भावपत्रकात ‘२० किलो’ असंच लिहिलेलं असतं. त्याची घडणही सरळ आहे: तिथला शेर ४० तोळ्यांचा, ४६७ ग्रॅमच्या आसपास, तो अर्ध्या किलोवर आणला आणि चाळीसने गुणलं. महाराष्ट्राच्या सीमेवरचा शेतकरी तिकडे माल नेतो तेव्हा भाव ऐकून आधी पाचाने गुणतो, मग आपल्या क्विंटलशी तुलना करतो.

सोनाराच्या दुकानातला तोळा हा याच गोष्टीचा धाकटा भाऊ. आज भाव १० ग्रॅमला असतो आणि त्यालाच तोळा म्हणतात, पण आजीच्या यादीतले ‘पाच तोळे’ म्हणजे ५८.३२ ग्रॅम. वाटणीच्या कागदावर ५० ग्रॅम लिहिले तर आठ ग्रॅमहून जास्त सोनं नुसत्या शब्दात हरवतं.

जुना कागद हाताशी आला तर चार गोष्टी याच क्रमाने बघाव्या लागतात. माल तोलायचा आहे की मापायचा. तेल, तूप, कापूस, लोखंड बहुधा तोलाचे, धान्य बहुधा मापाचं. मण किती शेरांचा किंवा किती पायलींचा, हे त्या कागदात नसेल तर त्याच गावच्या दुसऱ्या कागदात शोधायचं. शेर किती तोळ्यांचा. आणि शेवटी तोळा कुठल्या रुपयाचा, कारण १८३५ च्या आधीचे रुपये टांकसाळीगणिक दोन-चार टक्क्यांनी कमीजास्त भरतात. यातला एकही दुवा सापडला नाही तर किलोंत रूपांतर न करता ‘मण’ हाच शब्द ठेवणं जास्त प्रामाणिक.

मुंबईचा २८ पौंडांचा मण तेवढा एका जागी अजून जिवंत आहे, आणि तिथे त्याचं नावही कोणी घेत नाही. कापसाच्या गाठींचा सौदा आजही खंडीला होतो आणि ही खंडी ३५६ किलोंची धरतात. हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो किलोंचा नाहीच. खंडी आहे ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडांचे २८ मण. इतर मालाची मुंबईची खंडी वीस मणांची होती, कापसाची अठ्ठावीस. कापूस उत्पादक जेव्हा खंडीचा भाव ऐकून क्विंटलचा काढतो, तेव्हा तो ३.५६ ने भागतो. शिवाय खंडीचा भाव सरकी काढलेल्या रुईचा असतो आणि त्याच्या गाडीतला माल सरकीसह असतो, हे विसरून भागाकार केला की बाजार समितीत मिळणारा भाव ऐकून आपली लूट झाली असं वाटतं. शंभर किलो कपाशीतून रुई निघते ती साधारण ३३ ते ३६ किलो. भागाकारानंतर त्या प्रमाणाने गुणायचं आणि सरकीची किंमत वर धरायची, मगच दोन आकडे शेजारी ठेवायचे.